रेषेवरचे घर

उजाडू लागले की बेरिट सर्वांच्या आधी उठे. अंगावरची मेंढीची कातडी शेजारी निजलेल्या जावेच्या आणि तिच्या तान्ह्याच्या अंगावर सरकवून ती हलकेच पाय खाली टेकवी, वेणी डोक्याभोवती गुंडाळून रुमाल घट्ट बांधी आणि दाराबाहेर गवताच्या गंजीपाशी जाऊन बसे. नजर पोचेल तिथवर त्या मुलखात एक झाड नव्हते, त्यामुळे जळण म्हणजे गवत. लांब गवताची मूठ घ्यायची, दोन्ही हातांनी करकचून पिळायची, पिळाची टोके एकमेकांत अडकवायची, की मनगटाएवढी एक गाठोळी तयार. ती भसाभस जळते आणि बघता बघता संपते. लापशी शिजेपर्यंत एकाने चुलीपुढून हलायचे नाही. गाठोळ्या वळून टोपली भरली की बेरिट चूल पेटवी, भाजलेल्या जवाची कॉफी उकळत ठेवी, गाय पिळून आणी आणि शेवटी बादली घेऊन विहिरीवर जाई. पहिली बादली वर ओढताना ती खाली पाहत नसे. ते पाणी तिच्या नवऱ्याने शोधले होते आणि त्याच विहिरीने त्याला घेतले होते.

आयविंद जाऊन आता तीन ऋतू उलटले होते. पाणी लागल्यावर तो आत उतरून भिंतीला दगड लावत होता. नांगराच्या फाळाला लागून जमिनीतून दगडांची वर्तुळे निघत. पूर्वी इथे राहणाऱ्या लोकांचे तंबू त्या दगडांनी दाबलेले असत. तेच दगड आयविंदने विहिरीसाठी जमवले होते. एका दुपारी वरची माती ढासळली. त्याच्या धाकट्या भावाने, हाल्वरने, नखे फुटेपर्यंत उकरून त्याला बाहेर काढले, पण तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून हाल्वर कमी बोलू लागला होता. उरलेली भिंत मात्र त्यानेच बांधून पुरी केली, आणि या बाजूच्या सगळ्या विहिरी कडू निघाल्या असताना ही एकच गोड निघाली.

जूनमधल्या त्या सकाळी बेरिट बादली ओढत होती, तेवढ्यात म्हातारी गुरो आपली बैलगाडी आणि रिकामे पिंप घेऊन आली. जवळजवळ रोज ती यायचीच. तोंडात पाइप, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची टोपी.

"काय गं बेरिट, नवरा मिळाला का कुठं?"

"तूच शोधतेयस म्हणाली होतीस की."

"मी माझ्यासाठी शोधतेय. दात असलेला एक जरी दिसला तरी आधी मी घेणार, मग तुझा नंबर." गुरो हसली, पण पाइप तोंडातून काढून तिने घराकडे एकदा पाहिले आणि आवाज उतरवला. "हे बघ, मी पोटात ठेवणारी बाई नाही. परवा तुझा दीर आला होता माझ्याकडे. विचारत होता, जमीन कचेरीत येऊन शपथेवर सांगशील का म्हणून."

"काय सांगायचं?"

"की बेरिट हिवाळाभर कुठं निजत होती."

बेरिटच्या हातातला दोर थांबला.

"मी खोटं बोलणार नाही, आत्ताच सांगते तुला," गुरो म्हणाली. "या वयात बायबलवर हात ठेवून थाप मारली, तर वर गेल्यावर आमच्या म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू? आधीच तो माझ्यावर रुसून मेलाय. मी आपली हाल्वरला म्हणाले, जे दिसलं ते सांगेन. तुझ्या जावेला, टोरुनला, ताप होता, तेव्हा मी रस्सा घेऊन येत होते. तुझी गादी कुठं होती ते मला दिसलंय."

बेरिटने बादली पिंपात रिकामी केली. "खोटं बोल असं मी तुला कधी सांगणार नाही," ती म्हणाली, आणि पुढची बादली विहिरीत सोडली.

ती गोष्ट अशी होती. सरकार ज्याला जमीन देई, त्याने त्या जमिनीवर स्वतःचे घर करून पाच वर्षे राहायचे आणि ती कसायची, म्हणजे ती त्याची होई. समुद्र ओलांडून आलेल्या या दोघा भावांनी शेजारशेजारचे दोन तुकडे घेतले होते. लाकूड दूरच्या नदीवरून आणावे लागे, फळ्या आगगाडीने येत. दोन घरे बांधण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. तेव्हा त्या मुलखातल्या अनेकांनी केले तेच त्यांनीही केले. दोन्ही जमिनींच्या हद्दीवर एकच लांबट घर उभे केले, आणि हद्द जिथून जात होती तिथे तळफळ्यांवर डांबराने रेष ओढली. पूर्वेला आयविंद आणि बेरिट, पश्चिमेला हाल्वर आणि टोरुन. पुढे विहिरीला पाणी लागले तेही पूर्वेच्याच तुकड्यात. जेवायला सगळे एकत्र बसत, पण झोपायला प्रत्येक जण आपापल्या जमिनीवर जाई. सुरुवातीला याची थट्टा होई. आयविंद रात्री रेष ओलांडताना टोपी काढून म्हणे, "परदेशातून परत आलो."

नवरा गेला तरी दावा विधवेच्या नावे चालू राहतो, हे बेरिटला ठाऊक होते. उरलेली मुदत तिने तिथे राहून पुरी करायची, एवढेच. पण नोव्हेंबरात टोरुन बाळंत झाली आणि तिला ताप चढला. बाहेर वादळे अशी की गोठ्यापर्यंत दोर धरून जावे लागे. बेरिटने पहिल्याच रात्री आपली गादी उचलून जावेच्या शेजारी नेली. हाल्वर चुलीपुढे जमिनीवर निजला. मुलाला तिने दोन महिने स्वतःच्या पोटाशी धरून जगवले. घराण्यातल्या गेलेल्या माणसाचे नाव द्यायचे, या रीतीने त्याचे नाव आयविंद ठेवले होते. तिच्या रिकाम्या खाटेवर बियाण्याची पोती चढली, कोपऱ्यात बटाटे आले. वसंत आला तरी पोर तिच्याशिवाय निजेना. रेषेचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. शिवला असता तर तिला त्याची लाज वाटली असती.

न्याहारी झाल्यावर हाल्वर दाराशी खोगिराच्या पट्ट्याला चरबी चोळत बसला होता. बेरिट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावोजी, कचेरीत कधी निघालात?"

त्याचा हात थांबला नाही. मात्र कान लाल झाले. "उद्या. परवा सकाळी कचेरी उघडली की जाईन." मग म्हणाला, "गुरोच्या तोंडात पाइपाऐवजी बूच असायला हवं होतं."

"गुरोनं सांगितलं म्हणून मला कळलं तरी. तुम्ही कधी सांगणार होतात? माझं नाव खोडून आल्यावर?"

"वहिनी, माझ्या मनात वाईट नाही. नियमच आहे. सहा महिने जमिनीवर राहिलं नाही, की दावा मोकळा. मी नाही बोललो तर दुसरा कुणी बोलेल, आणि जमीन त्याच्या घशात जाईल. त्यापेक्षा ट्रोंडच्या नावावर लावतो. काकाचा मुलगा आहे, घरातलाच. तो गावात येऊन थांबलाय. तू इथंच राहा. तुला कोण घालवतंय?"

"माझ्याच जमिनीवर पाहुणी म्हणून?"

"बहीण म्हणून."

"बहिणीविरुद्ध शपथ घ्यायला साक्षीदार शोधत फिरतात का?"

हाल्वरने पट्टा खाली टाकला. "तुला काय वाटतं, मला झोप लागते? त्या विहिरीतून मी भावाला काढलंय. उद्या तू लग्न करशील. करशीलच, तुझं वय काय आहे! मग कुणी तरी उपरा येईल, विहिरीला कुंपण घालील आणि माझं पोर कडू पाणी पीत बसेल. माझ्या भावाच्या जिवाचं पाणी!"

"त्या विहिरीवर कुणाला मी आजवर अडवलंय? गुरो येते, पलीकडचे ते जर्मन येतात. कुणाची बादली कधी मोजली का मी?" तिचा आवाज चढला नव्हता, पण आत टोरुन मुलाला थोपटायची थांबली होती. "आणि उपरा म्हणालात. इथं उपरा कोण नाही, भावोजी? त्या विहिरीचे दगड कुणाच्या दारातले आहेत?"

हाल्वरने वाकून पट्टा उचलला.

"ठीक आहे," बेरिट म्हणाली. "माझी गादी आज माझ्या बाजूला नेते."

"गादी नेऊन घर होत नाही." तो हे चिडून म्हणाला; कदाचित तिची कीवही आली असेल. "दार माझ्या बाजूला. चूल माझ्या बाजूला. कचेरीतला साहेब विचारेल, बाईचं घर कुठं आहे? तेव्हा काय दाखवशील? अर्धी खिडकी?"

"खिडकी अख्खी आहे," बेरिट म्हणाली आणि कुदळ उचलून बटाट्यांकडे गेली.

दिवसभर ती बटाट्यांना माती चढवत राहिली. मातीचे घर बांधायचे, तर ढेकळे कापण्यापासून छप्पर चढेपर्यंत महिना जाणार. शेजाऱ्यांना बोलवावे, तर गवत कापणीच्या आधी कुणाला सवड नाही. दुसऱ्या कुणा विधवेने असल्या वेळी गाशा गुंडाळून पूर्वेला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चाकरी धरली असती. तशा दोघीजणी तिच्या माहितीतल्या होत्या. जाताना त्यांचे चेहरे कसे होते, तेही तिला आठवत होते. तिने नवऱ्याच्या देहावर याच जमिनीत माती लोटली होती. नियमाशी तिचे भांडण नव्हते. नियम म्हणत होता, घर दाखवा. दुपारी पाठ सरळ करायला ती उभी राहिली, तेव्हा उंचावरून ते घर तिला एखाद्या लांब पेटीसारखे दिसले. नदीवरून आणलेल्या दोन ओंडक्यांवर ते बसवलेले होते. चुकून हद्दीच्या बाहेर बांधले गेले तर ओढून नेता यावे, म्हणून आयविंदनेच तसा आग्रह धरला होता. ती बराच वेळ तशीच पाहत राहिली. मग खाली वाकली आणि उरलेली ओळ पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्याच्या आत हाल्वर घोडीवर बसून गेला. जाताना त्याने वहिनीकडे पाहिले नाही. तो टेकाडाआड होईपर्यंत बेरिट दारात उभी होती. मग तिने आत येऊन आपल्या खाटेवरची बियाण्याची पोती एकेक करून रेषेपलीकडे नेऊन रचली, आणि गोठ्यातून पहार, हातकरवत, हातोडा आणि दोन मुठींची मोठी करवत आणून भिंतीशी मांडून ठेवली.

टोरुन मुलाला पाजत होती. "ताई, हे काय चाललंय?"

"माझं घर काढून घेतेय."

टोरुनला समजायला थोडा वेळ लागला. तिने वर छताकडे पाहिले, मग खालच्या डांबराच्या रेषेकडे. "अर्धं?"

"माझं तेवढंच आहे."

"आणि आम्ही? उघड्यावर?"

"चूल तुमची, दार तुमचं, धुराडं तुमचं. मोडलेल्या बाजूला मी आमच्या गाडीवरचं जाड कापड लावून देते. पोराला वारा लागू देणार नाही मी, माहीत आहे तुला. फळ्या आल्या की हाल्वर दोन दिवसांत भिंत घालील." बेरिट थांबली. "मी तुला न विचारता करवत लावणार नाही, टोरुन. पण नको म्हणालीस, तरी मी जाणार नाही. मग पुढच्या उतारावर खड्डा खणीन आणि त्यात निजेन. साहेबाला म्हणेन, हे माझं घर."

मूल स्तनाशीच झोपले होते. टोरुनने त्याला खांद्यावर घेतले. ती मुळात कमी बोलणारी बाई. नवऱ्यापुढे तर तिचे बोलणे 'हो' आणि 'वाढू का' एवढ्यातच संपे.

"ट्रोंड येणार, माझ्या हातचं जेवणार, माझ्या घरात निजणार," ती म्हणाली, "आणि मला हे काल समजतं, तेही भिंतीआडून. मला विचारलंय का कुणी?" तिने मुलाला दाण्याच्या खोक्यात, घोंगडीवर ठेवले. "मी तापात बरळत होते तेव्हा तू रेष पाहिली नव्हतीस. पाहिली असतीस तर हे पोर नसतं. आता त्यानं रेष काढलीय ना? मग होऊ दे रेषेप्रमाणे."

तिने बाह्या वर सारल्या आणि मोठ्या करवतीची एक मूठ धरली. "ही एकटीला ओढता यायची नाही."

भिंतींच्या फळ्या उभ्या होत्या, त्यामुळे त्या कापाव्या लागल्या नाहीत; रेषेवर येणाऱ्या तेवढ्या पहारीने उपसून काढल्या. खिळे वाकडे निघत, ते बेरिट दगडावर सरळ करून एका डब्यात टाकी. मग ती छतावर चढली, डांबरी कागद सुरीने चिरला आणि खालच्या फळ्या हातकरवतीने कापत गेली. भुसा खालून पाहणाऱ्या टोरुनच्या डोळ्यांत गेला तेव्हा दोघी अकारण हसल्या. कापताना घर मध्येच दुमडू नये, म्हणून बेरिटने आधीच दोन्ही बाजूंना आतून तिरप्या फळ्या ठोकून ठेवल्या होत्या. आयविंद गोठा बांधताना असेच करी. आडवे वासे कापले गेले, तळफळ्या कापल्या गेल्या. शेवटी ओंडके राहिले. मोठी करवत जड होती, लाकूड वाळून हाडासारखे झाले होते. दोघी गुडघ्यांवर बसून ओढत होत्या आणि मधेच मूल रडले की टोरुन उठून जाई, त्याला घेई, परत येई. तेवढा वेळ बेरिट हात झाडत बसे. दुसरा ओंडका कापला गेला तेव्हा एक कर्रर्र आवाज झाला, सगळे घर किंचित शहारले, आणि दोन्ही अर्ध्या भागांमधल्या फटीतून पलीकडचे गवत दिसू लागले.

"देवा!" टोरुन म्हणाली. "खरंच झालं."

बैलांची जोडी एकच होती. त्यातला एक थोरल्या भावाचा, एक धाकट्याचा. बेरिट आपला बैल सोडून घेऊन आली आणि दुसऱ्याच्या दाव्यापाशी थांबली. टोरुनने पुढे होऊन ते दावे स्वतः सोडले.

साखळदंड लावला, जू चढवले, पण बैल पाय रोवून जागच्या जागी झुलत राहिले. बेरिटने ओंडक्यांखाली मऊ साबण ओतला, पुढचे गवत ओले केले. बैल पुन्हा जोर लावून पाहत होते, तेवढ्यात म्हातारी गुरो आपली गाडी घेऊन येताना दिसली. तिने दुरूनच बैल थांबवले. पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"भांडून वेगळी झालेली नवरा-बायको पाहिलीत मी," ती म्हणाली, "पण वेगळं झालेलं घर? हे म्हाताऱ्यानं पाहायला हवं होतं."

"बघत बसणार आहेस, की बैल देणार आहेस?" बेरिटने विचारले.

"देते गं बाई, देते. पिंप आधी उतरवू दे." गुरो गाडीवरून उतरता उतरता म्हणाली, "ऐक, हिवाळ्यात जे पाहिलं ते मी सांगणारच. त्यात बदल नाही."

"सांग की."

"आणि आजचं विचारलं तर आजचंही सांगेन. कुणाची तक्रार नोंदायच्या आधी बाईचं घर तिच्या जमिनीवर उभं होतं, हे."

"जे दिसेल तेवढंच सांग, गुरोमावशी. मला तेवढं पुष्कळ आहे."

दोन जोड्यांनी घर हलले. आधी वीतभर, मग एकदम हातभर, मग ओंडके साबणावरून सरकू लागले आणि खिडकीसकट ते अर्धे घर गवतातून निघाले. बेरिट बैलांच्या पुढे चालत होती. त्यांच्याशी ती हलक्या आवाजात बोलत होती. मागे टोरुन मुलाला कडेवर घेऊन, एका हाताने भिंत धरून चालत होती, जणू ती कलली तर तिच्याने सावरली जाणार होती. विहिरीपाशी आल्यावर गुरोने हाक दिली, "इथंच टेकव, पाणी दाराशी!"

बेरिटने मागे वळून पाहिले. टोरुनच्या दारापासून विहिरीपर्यंत पायवाट आली होती, ती बरोबर या घराखाली गेली असती. तिने बैल आणखी पुढे हाकले, वाट मोकळी होईपर्यंत, आणि पलीकडच्या चढावर सपाट जागा पाहून त्यांना थांबवले.

गाडीवरचे कापड तिने आधी टोरुनच्या बाजूला खिळे ठोकून ताणून बसवले. तिच्या स्वतःच्या घराची उघडी बाजू पश्चिमेकडे होती. तिथे तिने दोन गोधड्या टांगल्या आणि मधली फट दार म्हणून ठेवली. बाहेर माती खणून तीन दगड मांडले आणि विस्तव केला. धूर सरळ वर गेला. गुरो पिंप भरून घेऊन निघाली, टोरुन मुलाला घेऊन आपल्या अर्ध्या घराकडे परतली. अर्ध्या वाटेवर तिने मागे पाहिले आणि पुढे गेली.

हाल्वर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. येईल तेव्हा काय म्हणायचे, ते बेरिटने ठरवले नव्हते. तिने बैलांना पाणी पाजले आणि दोघांना एकाच खुंटाला बांधले. मग आत जाऊन खाट खिडकीखाली सरकवली, चादर घातली, बूट काढून कडेला ठेवले आणि सूर्य अजून मावळला नसतानाच, कोणत्याही कामाची घाई न करता, ती आडवी झाली.